खिडकी सर

हावळ बाई कुणाच्याही घरी गेल्या की चप्पल काढायच्या, पाणी नको म्हणायच्या आणि सरळ जाऊन खिडकी उघडायच्या. यजमानांना विचारायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा बायकोनं नुकतेच नवे पडदे लावले होते. बाईंनी ते दोन्ही हातांनी बाजूला सारले, कडी काढली, तावदान ढकललं आणि मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "हं, आता बोला की." बायको त्या दिवशी काही बोलली नाही. नंतर आठवडाभर बोलत होती.

बेळगावातल्या मुलींच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवायचो आणि त्या रसायनशास्त्र. पूर्ण नाव इंदुमती हावळ. वडगावात, जिथं अजून घराघरांत माग चालतात त्या गल्लीत त्या राहायच्या आणि तिथं सगळ्यांच्या त्या इंदूआक्का होत्या. लग्न केलं नाही. उंची बेताची, आवाज मात्र कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला कविता शिकवणाऱ्या माझ्यापर्यंत पोचणारा. हळव्या ओळीवर आलो की हमखास पलीकडून "अगं ओढणी बांध आधी!" असं यायचं आणि माझा वर्ग हसायचा. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "तुमच्या कवितेनं कुणी भाजत नाही सर, त्यामुळं तुम्हाला निवांत शिकवता येतं."

त्यांच्या प्रयोगशाळेचा एक नियम होता. वर्षाच्या पहिल्या तासाला सगळ्यांत घाबरट मुलगी कोण ते त्या हेरायच्या आणि आम्लाची बाटली तिच्याच हातात द्यायच्या. स्वतः तिच्या मागं उभ्या राहायच्या, हात लावायच्या नाहीत. "भ्यायचं न्हाय. काय करतीयास ते बघत कर." मुलगी रडकुंडीला यायची, पण करायची. वर्ष संपेतो तीच मुलगी बाकीच्यांना दटावताना दिसायची. बाईंना आयुष्यात कशाचा अभिमान असेल तर याचा. "माझ्या लॅबमधून भिऊन कोण बाहेर पडलं नाही," असं त्या निरोपसमारंभाच्या भाषणातही म्हणाल्या. बाकीचं भाषण कार्यालयीन होतं.

त्यांची दुसरी सवय म्हणजे एक प्रश्न. एखादी मुलगी म्हणाली, बाई, हा प्रयोग मी घरी करून बघू का, तर उत्तराच्या आधी त्या विचारायच्या, "घरात अजून कोण असतं?" धाकटं भावंड आहे असं कळलं की परवानगी नाही. मुलीनं कितीही हट्ट करू दे.

याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्यांचे वडील घरीच सूत रंगवायचे. रंगाची भांडी आणि स्वयंपाकाची भांडी एकाच खोलीत. कॉस्टिक सोडा विरघळवलेला तांब्या कुणीतरी चुलीजवळच्या फळीवर ठेवला आणि तीन वर्षांच्या वसंतानं, बाईंच्या धाकट्या भावानं, पाणी समजून तोंडाला लावला. जगला. पण अन्ननलिका जळून आवळली ती कायमची. त्यानंतर वसंता आयुष्यभर पेज आणि पातळ आमटीवर राहिला. पन्नाशी आली तरी आक्का घरी येऊन पेज टाकीपर्यंत तो ओट्यावर बसून असायचा. बाईंनी हे स्टाफरूममध्ये, वेळापत्रकात बदल झालाय हे सांगावं त्या सुरात सांगितलं आणि पुन्हा जर्नलं तपासायला घेतली. तांब्या कुणी ठेवला होता ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात नाहीतर नातवंडांना. बाई मोबाईलला लागल्या. रसायनशास्त्राच्या एका संकेतस्थळावर लोकांच्या शंका वाचता वाचता त्यांना कुणाच्या तरी भाजलेल्या हाताचा फोटो दिसला. खाली लिहिलं होतं, माझ्या एका मित्राचा हात आहे, काय करावं? बाईंनी उत्तर दिलं. त्या मित्राचा माग काढत त्या एका गटात जाऊन पोचल्या. तिथं जगभरची माणसं टोपणनावानं जमायची आणि घरच्या घरी नशेची औषधं कशी बनवायची याची चर्चा करायची. आपण स्वतः करतो असं कुणीच म्हणत नसे. सगळं मित्रच करायचे. त्या गटात मित्र फार होते.

बाईंना आधी वाटलं, विद्यार्थी असतील. खरा प्रकार ध्यानात आल्यावर त्या बाहेर पडतील असं मला वाटलं होतं. त्या उलट आत ठाण मांडून बसल्या.

"अहो, पोलिसांना कळवा," मी म्हणालो.

"जाऊन आले की. त्यांनी विचारलं, आरोपीचं नाव काय. मी म्हटलं, पांढरं घुबड. गाव? माहीत नाही. देश? माहीत नाही. बिचाऱ्यांनी चहा दिला."

"मग सोडून द्या नाद."

"आणि त्या घुबडाच्या घरात लेकरं असली म्हंजे?"

बाईंनी स्वतःला एक मर्यादा घालून घेतली होती. कसं बनवायचं याबद्दल अवाक्षर नाही. विचारलं तरी नाही. फक्त काय पेटतं, काय डोळे घालवतं, कशानं घरातला दुसरा माणूस झोपेतच जातो, एवढंच सांगायचं. शिवाय त्यांचा तो प्रश्न होताच. पोलंडचा असो की ब्राझीलचा, कुणी काही विचारलं की पहिली ओळ हीच, तुमच्या घरात अजून कोण असतं? गटात त्यांनी नाव घेतलं होतं 'खिडकी', कारण पहिला सल्ला तोच असायचा. इतकं खडसावून बोलणारा माणूस म्हणजे पुरुषच, असं धरून चालून सगळे त्यांना खिडकी सर म्हणू लागले. बाईंनी ते दुरुस्त केलं नाही. "सर म्हटल्यावर ऐकतात मेले," म्हणाल्या.

एकदा सकाळी सकाळी त्या कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन आल्या. मला वाटलं त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरलं. तर कुठल्याशा परदेशी माणसानं आपल्या स्वयंपाकघराचा फोटो पाठवला होता, हवा बाहेर टाकणारा पंखा नीट बसलाय का ते बघा म्हणून, मुली जर्नल दाखवतात तसा. बाईंना त्या फोटोत मागच्या फळीवर दुधाची बाटली दिसली होती. पंख्याबद्दल काही न लिहिता त्यांनी नुसता आपला प्रश्न पाठवला. बरेच दिवस उत्तर नाही. मग आलं, बायको आणि तान्हं बाळ. आणि खाली, सगळं टाकून दिलं, सर. त्यानंतर तो माणूस गटात दिसला नाही. आम्ही दोघांनी आणि बायकोनं मिळून तो कुंदा संपवला. बाई त्या दिवशी फार खुशीत होत्या आणि मला त्या खुशीचं मनापासून कौतुक वाटलं.

पुढं गटाच्या चालकांनी त्यांचं सगळं लिखाण एकत्र करून अगदी वर, नवीन माणसाला पहिल्यांदा दिसेल असं लावलं. वर सूचना लिहिली, नव्या सदस्यांनी आधी खिडकी सर वाचावेत, मगच कामाला लागावं. बाईंनी ते मला मोबाईलवर दाखवलं. "म्हणजे तिथंही प्राचार्य झालात," मी म्हणालो. त्या लाजल्या. हावळ बाईंना लाजताना मी तेव्हाच काय ते पाहिलं.

त्याच गटात एकानं लिहिलं की आपण तंबाखूच्या वखारीमागं खोली घेतली आहे, शेजारी दिवसभर धूळ उडते, तिथल्या बायका तशाही शिंकतच असतात, त्यामुळं वास कुणाला कळत नाही. बाकी जगाला यातून काही बोध झाला नसेल, पण आमच्याकडं तंबाखूच्या वखारी म्हणजे निपाणी. बाईंनी त्याला खासगीत, मराठीत लिहिलं, "निपाणीचा काय रे?"

दोन दिवसांनी उत्तर आलं. "व्हय सर."

रमेश त्याचं नाव. औषधांच्या एका कारखान्यात कामाला होता, कारखाना बंद पडला. वखारीच्या मागं खाली त्याची ती खोली आणि बरोबर वर बिऱ्हाड. बायको आणि चार वर्षांची पोर. बायकोला सांगितलेलं की फिनेल बनवतो. बाई त्याला रोज लिहायच्या, बंद कर. तो रोज अदबीनं उत्तर द्यायचा. बंद करतो म्हणायचा नाही, पण बाकी सगळं ऐकायचा. खिडकी मोठी केली सर. घरातली भांडी वर नेऊन ठेवली सर. असा आज्ञाधारक विद्यार्थी कॉलेजातसुद्धा मिळाला नसता.

मग एक दिवस त्याचा निरोप आला. बाईंनी तो मला वाचून दाखवला. "सर, पैल्यांदा लई भ्या वाटायचं. दोनदा सामान टाकून दिल्तं. तुमचं वाचलं आन् भ्या गेलं. आता निवांत करतो."

त्या दिवशी बाई आमच्याकडं आल्या आणि बंद खिडकीखालीच बसल्या. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी उठून खिडकी उघडली, तर त्यांचं लक्षही नव्हतं.

"भीत होता तो, सर. दोनदा टाकून दिलं होतं त्यानं. तिसऱ्यांदाही टाकलं असतं. ती भीती मी काढली."

"तुमचा हेतू..."

"हेतूला काय करायचंय? रिझल्ट बघा." मग मोबाईल पुढं करत, "आणि ते सगळ्यांच्या वर लावलंय हो. आधी हे वाचा आणि मग कामाला लागा. किती जण लागले असतील?"

त्यांना समजूत नको होती, निपाणीला जायला माझी गाडी हवी होती.

रमेश भेटायला एका पायावर तयार झाला. खिडकी सर स्वतः येणार म्हणजे त्याला कोण अप्रूप. निपाणीच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही बसलो होतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बँकेत कारकून म्हणून सहज खपेल असा तिशीचा माणूस आत आला, इकडंतिकडं बघितलं आणि येऊन माझ्या पाया पडला.

"सर, तुमी यवडं लांबनं आलासा."

मी बाईंकडं बोट दाखवलं.

"ह्या?"

"व्हय रं, मीच. बस."

तो बसला नाही. मोबाईल काढून नवीन पंख्याचा फोटो दाखवू लागला. बाईंनी मोबाईल हातानं खाली केला. "आत्ता वर कोण आहे?"

"बायकू आन् पोरगी."

"चल. चहा टाकायला सांग तिला."

वखारीला वळसा घालून अरुंद जिना चढून गेलो. रमेशची बायको मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. लेक शेजारी बसून विडीचा दोरा बोटाला गुंडाळत होती. नवऱ्याचे सर आलेत म्हटल्यावर ती लगबगीनं उठली, आम्हाला चटई टाकली. खोली कोंदट होती. हावळ बाई सवयीनं खिडकीकडं गेल्या.

"उघडू नगासा आक्का," ती म्हणाली. "खालनं फिनेलचा वास येतुया. पोरगी खोकतीया रातभर."

बाईंचा हात कडीवरच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला. रमेश दारात उभा होता. त्या आता सगळं सांगणार हे त्याला कळलं असावं, कारण तो "मॅडम" म्हणाला, पहिल्यांदाच.

"बाई, खाली फिनेल न्हाय," हावळ बाई म्हणाल्या. खाली काय आहे ते त्यांनी सांगितलं, वर्गात सांगावं तसं, सोपं करून. ते पेटलं तर काय होईल, नुसतंच सांडलं तर पोरीच्या छातीचं काय होईल, आणि पोलीस आले तर नवऱ्याचं काय होईल. काही वगळलं नाही. काही वाढवलंही नाही.

बायको नवऱ्याकडं बघत राहिली. तो जमिनीकडं.

"आन् तुमाला ह्ये कसं ठावं?"

"मी शिकवलं त्याला. करायचं कसं ते न्हाय. करताना मरायचं न्हाय कसं, ते."

"म्हंजे शिकवलंच की."

"व्हय," बाई म्हणाल्या.

रमेशची बायको उठली. रडली नाही. चुलीवरचा चहा उतरवून ठेवला, पोरीचे कपडे पिशवीत भरले, स्वतःची दोन लुगडी घेतली. माहेर खानापूरकडं होतं. बाईंनी मला खूण केली, त्या रमेशपाशीच थांबल्या, मी गाडी काढली. बसस्टँड काही लांब नव्हतं, पण तेवढ्यात ती मागून म्हणाली, "शिकल्याली माणसं हायसा न्हवं तुमी?" मी आरशात बघितलं नाही. शरम वाटली, अगदी खरी शरम, आणि मी तर त्या गटात एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. बेळगावच्या बसमध्ये दोघींना बसवून दिलं. पोरीनं खिडकीतून मला टाटा केला.

मागं काय झालं ते मला बाईंनी नंतर फोनवर सांगितलं. बायको-पोर गेल्यावर रमेशची गेलेली भीती एकदम परत आली. सगळं आत्ताच्या आत्ता गटारात ओततो म्हणून तो खाली धावला. गटार जायचं ते शेजारच्या वखारीवरून, आणि आत बायका बसलेल्या. शिवाय घाबरून त्याला बाटलीही धड धरता येईना. बाई त्या खोलीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "हात लावायचा न्हाय कशाला. निवांत होतास तवा लावत होतास, आता भ्यालायस तवा लावू नगो." खोलीला कुलूप घातलं, किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली, वखारीतल्या बायकांना गॅस गळतोय सांगून घरी पाठवलं आणि त्याला म्हणाल्या, चल. तो कुठं म्हणून विचारायलाही विसरला.

मी परत आलो तेव्हा ती दोघं रस्त्यानं चालत पोलीस ठाण्याकडं निघालेली दिसली. बाई पुढं, तो दोन पावलं मागं. पळून जाता आलं असतं त्याला. गाडीत बसा म्हटलं तर बाई म्हणाल्या, "राहू दे, पोचलोच."

पुढचंही सांगून टाकतो. पुतण्याच्या मोबाईलवरून बाईंनी तो गट सोडला, लिहिलेलं पुसता येईल तेवढं पुसलं. पण लोकांनी ते आधीच उतरवून घेतलं होतं, ते अजून फिरतं आहे. रमेश जामिनावर सुटला, खटला चालू आहे. बायकोनं त्याला परत घेतलं का ते मला माहीत नाही. ठाण्यातल्या त्या प्रसंगानंतर चारच दिवसांनी मी मुलीकडं पुण्याला गेलो, तिथं मुक्काम लांबला, आणि मी तिकडं असतानाच हावळ बाई गेल्या. हृदयविकाराचा झटका. फोनवर बोलणं व्हायचं, पण त्यांना बघितलं असं शेवटचं ते निपाणीच्या ठाण्यातच.

बाईंनी टेबलावर आधी किल्ली ठेवली आणि शेजारी आपला मोबाईल. मग तिथल्या माणसांना, अजून तक्रार काय ते सांगायच्या आधी, बजावलं की त्या खोलीत कुणी काडी ओढायची नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही, अग्निशमनवाल्यांना आधी बोलवा. ठाणं कर्नाटकाचं, त्यामुळं बोलणं सगळं कन्नडमध्ये, त्याच खणखणीत आवाजात. एकानं हातातली विडी विझवली. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. रमेश बाकावर बसून गुडघ्यांवर हात दाबत होता. मला बाई म्हणाल्या, "तुम्ही निघा सर. अंधारात तुम्हाला गाडी चालवायला दिसत नाही. पुतण्या येतोय मला न्यायला."

मी दारापर्यंत गेलो. टेबलामागचा हवालदार वयस्कर होता. तो एकदा बाईंकडं आणि एकदा रमेशकडं बघत होता. पोर आपणहून पकडून द्यायला आणणारी ही बाई कोण, हे काही त्याच्या ध्यानात येत नव्हतं. त्यानं विचारलं, "तुम्ही याची आई?"

"नाही."

"मग मावशी? आत्या?"

"नाही."

"मग हा तुमचा कोण लागतो? नात्याच्या जागी काय लिहू?"

बाईंनी खुर्ची ओढून रमेशच्या बाकाला लावली आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"माझा विद्यार्थी आहे," त्या म्हणाल्या. "लिहा. आणि त्याच्याखाली माझंही नाव लिहून घ्या."